साडेआठव्या दिवशी दिसलेला तारा

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय धनू राशीतल्या एका ताऱ्यांच्या जोडीबद्दल, नाव व्ही ३८९० सॅजिटारी. एक फुगलेला तांबडा राक्षसी तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा पिटुकला व्हाइट ड्वार्फ, म्हणजे आकार साधारण पृथ्वीएवढा पण वजन सूर्याच्या तोडीचं. अशांना सहजीवी तारे म्हणतात. मोठ्याच्या अंगावरून सतत वारा सुटलेला असतो, त्यातला हायड्रोजन हा धाकटा गोळा करत बसतो, थरावर थर चढतात, दाब वाढतो आणि एक दिवस सगळं पेटतं, स्फोट होतो. हे १९६२ ला झालं, १९९० ला झालं आणि मग २०१९ च्या ऑगस्टअखेर.

यावेळी वर आपला भारताचा खगोल उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट होता! एक्स-रे हवेतून खाली येतच नाहीत त्यामुळे ते बघायला वरच जावं लागतं, आणि अ‍ॅस्ट्रोसॅटवरचा सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप (सॉफ्ट म्हणजे कमी ऊर्जेचे) मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला, सोन्याचा पातळ थर दिलेल्या आरशांचा. मला याचं फार कौतुक वाटतं.

स्फोटानंतर आठव्या दिवशी त्यानं बघायला सुरुवात केली तेव्हा नुसते हार्ड (जास्त ऊर्जेचे) एक्स-रे येत होते, म्हणजे उडालेला मालमसाला राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यावर जाऊन आदळतोय आणि त्या धडकेनं तापलेला वायू चमकतोय. आतला व्हाइट ड्वार्फ मात्र गायब, कारण मध्ये उडालेल्या वायूचं दाट आवरण. होळीचा धूर दाट असला की मागचा जाळ दिसत नाही ना, तसंच. मग साधारण साडेआठव्या दिवशी अगदी क्षीण सॉफ्ट एक्स-रे यायला लागले, आवरण विरळ झालं होतं आणि ड्वार्फच्या पृष्ठभागावर उरलेला हायड्रोजन अजून जळतोय ते थेट दिसायला लागलं. विचार करा, नेमका तो क्षण सापडला!

पुढे सोळाव्या दिवसानंतर परत पाहिलं तर सॉफ्ट एक्स-रे आणखी वाढलेले, पण मग जवळजवळ एक दिवस एकदम मंदावले आणि पुन्हा उजळले. त्या दिवसभरात हार्ड एक्स-रे मात्र जसेच्या तसे, म्हणजे बाहेरची धडक चालूच होती, जे काय झालं ते आत, ड्वार्फपाशी.