सव्वाचारचं ऊन

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी दिवसातून सहा वेळा गजर वाजतो. पाच गजर गोळ्यांचे. सहावा दुपारी सव्वाचारचा, आणि तो गोळीचा नाही. त्या सहाव्या गजराची गोष्ट सांगायला मी आज आलो आहे. मला दिलेला विषय तसा फार मोठा आहे: जोडीदार गंभीर आजारी असताना रोजच्या जगण्यातला आनंद कसा टिकवायचा. माझ्याकडे त्याचं एकच उत्तर आहे, आणि ते आमच्या घरातल्या पंधरा पावलांच्या पॅसेजमध्ये मावतं.

माझ्या पत्नीला पार्किन्सन आहे. यंदा अकरावं वर्ष. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं, म्हणून त्यांचं नाव. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि हालचालींची लय बिघडते, एवढं बहुतेकांना माहीत असतं. हात थरथरतो, तेही माहीत असतं. पण हात थरथरणं ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. आवाज बारीक होत जातो. अक्षर लहान लहान होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढं उरतं. आणि चेहरा स्थिर होतो. चेहऱ्याचे स्नायूच हलेनासे होतात, त्यामुळे माणूस आतून हसत असला तरी समोरच्याला ते दिसत नाही. हे समजायला मला दोन वर्षं लागली. दोन वर्षं मी समजत होतो की ही माझ्यावर रागावली आहे.

इथे थोडं विषयाबाहेरचं बोलतो. आमच्याकडे येणारी माणसं म्हणतात, 'वहिनी काय झुंज देतायत हो आजाराशी!' मला हा शब्द मनापासून आवडत नाही. झुंज म्हटली की कुणीतरी जिंकणार आणि कुणीतरी हरणार. उद्या हिची तब्येत ढासळली, तर ही झुंजायला कमी पडली, असा त्याचा अर्थ करायचा का? ती झुंजत नाही. ती राहते. आजार घरात आहे आणि त्याच घरात ती राहते. मला हेच जास्त अवघड वाटतं.

तर आता गोष्ट.

या आजारात पाय अडतात. दारातून जाताना, वळताना, अरुंद जागेत शिरताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मन पुढे गेलेलं असतं, पाय जागचे हलत नाहीत. सहा वर्षांपूर्वीची दुपार. त्या दिवशी मला कुठलेसे कागद भरून द्यायचे होते आणि त्यावर हिची सही हवी होती. मी पॅसेजच्या त्या टोकाच्या खोलीत, ही या टोकाला. 'ये लवकर,' म्हणालो. ती उठली, पॅसेजच्या तोंडाशी आली आणि अडली.

मी गेलो आणि तिचा हात धरून ओढला. ऐकताय ना? ओढला. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, अडलेल्या माणसाला कधीही ओढायचं नाही. शरीराचा वरचा भाग पुढे येतो, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. ती पडता पडता वाचली, भिंतीला धरून उभी राहिली आणि तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, 'अहो, मी निघालेय. पाय यायचेत अजून.'

आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते आज सांगत नाही. आजारी माणसाची सेवा करणारा कधीच ओरडत नाही, असं जो म्हणतो त्याने सेवा केलेली नाही, एवढंच म्हणेन. मी त्या टोकाला जाऊन खुर्चीवर बसलो, तिच्याकडे पाठ करून. ती भिंतीला धरून उभी. घरात काही आवाज नाही. मला वाटत होतं, संपलं आता. आपल्या दोघांच्यात जे काही होतं ते संपलं. आता मी नुसता गोळ्या देणारा आणि ही गोळ्या घेणारी.

त्या पॅसेजच्या एका बाजूला लांब खिडकी आहे, उभ्या गजांची. दिवसभर आभाळ भरलेलं होतं. ते उघडलं असावं, कारण माझ्या पायाशी एकदम ऊन आलं. आणि मागून पावलांचा आवाज आला. घासत येणारा नाही. टप्प. टप्प. टप्प. एकेक पाऊल नीट उचलून ठेवल्याचा. मी वळून पाहिलं.

गजांच्या सावल्या पॅसेजभर आडव्या पडल्या होत्या. फरशीवर कुणी पट्ट्या आखाव्यात तशा. आणि ही एकेक सावली ओलांडत येत होती. मान खाली, नजर सावलीवर, पाऊल उचलायचं आणि पलीकडे ठेवायचं. अंगणात रेघा आखून खेळणाऱ्या मुलीसारखी. जी बाई पाच मिनिटांपूर्वी एक पाऊल टाकू शकत नव्हती, ती अख्खा पॅसेज चालत माझ्यापर्यंत आली. भिंतीला हात न लावता.

माझ्यासमोर येऊन ती थांबली. चेहरा तसाच, स्थिर. तिने माझा हात घेतला आणि अंगठ्याने तळव्यावर दोनदा दाबलं. ते तिचं हसणं आहे. चेहरा हसेनासा झाल्यापासून ती अशी हसते. मग म्हणाली, 'पुन्हा करू?'

आम्ही चार वेळा केलं. जाऊन येऊन, जाऊन येऊन. पाचव्या वेळी सावल्या पुसट झाल्या आणि ऊन गेलं. कागदावर सही करायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी केली, काही बिघडलं नाही.

पुढे आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला हे समजावून सांगितलं. आपण चालतो तेव्हा पावलांचा विचार करत नाही, चालणं आपोआप होतं. हे आपोआप होणारं चालणं पार्किन्सनमध्ये बिघडतं. पण डोळ्यांसमोर एखादी रेघ असली आणि ती ओलांडायची आहे असं ठरवलं, की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करतो. वाट वेगळी, म्हणून पाऊल उचललं जातं. काहींना रेघेऐवजी ताल लागतो, कुणी मोजलं किंवा टाळी दिली की पाय निघतात. पाय अडले तर आधी थांबायचं, श्वास घ्यायचा, वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं आणि मग एक मोठं पाऊल टाकायचं. बाईंनी फरशीवर चिकटपट्ट्या लावायला सांगितल्या. त्या लावल्या आणि त्यांचा उपयोगही होतो, सगळ्यांनाच होईल असं नाही, पण हिला होतो.

पण चिकटपट्टी हा उपचार आहे. सव्वाचारचं ऊन हा उपचार नाही, आणि मला सांगायचंय ते हेच.

हिची दुपारची गोळी साडेतीनची. लेव्होडोपा. ती गेलेल्या पेशी परत आणत नाही, पण मेंदूत तिचं डोपामिन होतं आणि शरीर थोडा वेळ मोकळं होतं. हिच्या बाबतीत गोळी लागू व्हायला अर्धा ते पाऊण तास जातो. म्हणजे सव्वाचार ही तिची सगळ्यात बरी वेळ. आणि या बऱ्या वेळेचं आम्ही काय करत होतो? आंघोळ उरकून घे. नखं कापून घे. तपासणीला जाऊन ये. सह्या कर. दिवसातला जो तास बरा, तो सगळा आजाराच्या कामांना. आजाराने वाईट तास घेतलेच होते, चांगला तास आम्ही आमच्या हाताने त्याला नेऊन देत होतो.

श्रोतेहो, हे मी पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. आजारातला चांगला तास आजारालाच देऊ नका. तुमच्या घरी तो तास सकाळी असेल, रात्री असेल, दहाच मिनिटांचा असेल. औषधोपचारानंतरच्या आठवड्यात कदाचित नसेलच आणि पुढच्या आठवड्यात येईल. तो कधी येतो ते बघा, आणि त्यातला थोडा तरी तुमच्या दोघांसाठी बाजूला काढा. गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढेमागे करायच्या नाहीत. सावल्या ओलांडल्या त्याच रात्री मी सहावा गजर लावला होता.

गजर कशाला, असं हिच्या बहिणीने विचारलं होतं. आनंद काय ठरवून होतो का? निरोगी घरात नसेल होत. आमच्या घरात ठरवलं नाही तर त्या जागी काहीतरी काम येऊन बसतं.

आता खिडक्यांविषयी थोडं. लोक खिडक्यांना जाड पडदे का लावतात हे मला अजून कळलेलं नाही. आजारी माणसाच्या खोलीत तर नेमके सगळ्यात जाड पडदे. 'त्यांना आराम हवा' म्हणतात. आराम म्हणजे अंधार नव्हे. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता, तेवीस जोड्यांचा. पण मी तो वाचला आणि आमचे सगळे पडदे काढून टाकले. असो, खिडक्यांवर मी तासभर बोलेन, म्हणून इथेच थांबतो.

दुसऱ्या एका अभ्यासाने मला खरा धीर दिला. सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञ १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, एड्स झालेल्या जोडीदाराची काळजी घेणाऱ्या पुरुषांच्या मुलाखती घेत होत्या. प्रश्न सगळे ताणाविषयी, त्रासाविषयी. अभ्यास सुरू झाल्यावर लवकरच त्या माणसांनीच सांगितलं, की तुम्ही आम्हाला चांगलं काय घडलं ते विचारतच नाही. मग त्यांनी तो प्रश्न घातला आणि जवळजवळ प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी निघालं. साध्याच गोष्टी. जोडीदार मरणाच्या वाटेवर, आणि तरी त्या आठवड्यात काही बरं घडलेलं. दुःख कमी झालं म्हणून ते आलं नव्हतं, ते दुःखाबरोबरच होतं. मला वाटायचं, ही अशी असताना मला बरं वाटतंच कसं? मी निर्दय आहे का? नाही. नाही, श्रोतेहो. तुम्हीही नाही. आणि काळजी घेणाऱ्याने झिजत राहणं हे प्रेमाचं माप नव्हे. १९९९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, जोडीदाराची काळजी घेताना ताणाखाली असलेल्या वृद्धांमध्ये, अशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण ६३ टक्क्यांनी जास्त आढळलं. म्हणून आज मी इथे आहे आणि ती तिच्या बहिणीबरोबर आहे. घराबाहेर पडायलाही मला शिकावं लागलं.

रेघांची आणखी एक गंमत सांगतो. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, पायांना लागतात तशा हातालाही रेघा लागतात, कोऱ्या कागदाऐवजी आखलेली वही द्या. दिली. दोन रेघांच्या मधली जागा भरायची, असं मनाशी ठरवून ती लिहू लागली, आणि तिचं जुनं टपोरं अक्षर पुन्हा दिसलं. ओळीच्या शेवटी अजून बारीक होतं, पण वाचता येतं. ती रोज एकच ओळ लिहिते, सव्वाचारनंतर. 'आज सावल्या तिरप्या.' 'आज एक चिमणी गजावर बसली, तिचीही सावली ओलांडली.' एकदा नुसतं, 'आज यांचे पाय अडले, मला बाहेरून यायला उशीर झाला म्हणून.' ते मी बऱ्याच वेळा वाचलं. ती बहिणीकडून परत यायची होती आणि मी दाराशी उभा राहिलो होतो, एवढंच घडलं होतं त्या दिवशी.

सगळे दिवस असे नसतात. वर्षात उन्हाची जागा सरकते, ढग येतात, कधी गोळी लागू होत नाही. अशा दिवशीही गजर वाजतो. आम्ही खिडकीपाशी बसतो आणि वहीत 'आज नाही' एवढंच येतं. मागच्या वर्षी ती पडली. तेव्हापासून अर्धे दिवस चाकांच्या खुर्चीत जातात. पहिल्यांदा खुर्ची पॅसेजमध्ये नेली तेव्हा मी सावल्यांकडे बघूच शकलो नाही. मला वाटलं, हेही गेलं. तिने मागे हात केला, माझा हात शोधला आणि म्हणाली, 'हळू न्या. मला मोजायच्यात.'

आवाजाच्या व्यायामासाठी तिला मोठ्याने बोलायला सांगितलंय. म्हणून ती मोजते ते खणखणीत. खुर्चीची चाकं सावलीवरून गेली की एक, पुढची आली की दोन. बावीस गज आहेत. इतकी वर्षं त्या घरात राहून मला तो आकडा माहीत नव्हता. विसाव्या गजापर्यंत आवाज खाली येतो, मग ती थांबते, श्वास घेते, आणि एकवीस, बावीस पुन्हा मोठ्याने म्हणते. शेजारी ऐकू जातं. जाऊ दे.

समोरच्या घड्याळात साडेतीन होतायत. तिची बहीण आता गोळी देत असेल. मला पोचायला अर्धा तास लागतो, तेव्हा तुमचा निरोप घेतो. नमस्कार.