ट्रंकेतला नकाशा

(दृश्य : ठाण्यातल्या नौपाड्यातली जुनी इमारत. जिन्याखालची खोली. दुपार.)

तीन मजले, लिफ्ट नाही. जिन्याखाली सोसायटीचं ऑफिस, म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि लोखंडी ट्रंक. ट्रंकेला कुलूप आहे आणि त्याची किल्ली शेजारच्याच खिळ्याला लटकलेली असते.

सेक्रेटरी काका आतून एक गुंडाळी काढतात. डांबरगोळ्यांचा वास येतो. हा इमारतीचा मंजूर नकाशा, अमोनिया प्रिंट, म्हणजे जुन्या पद्धतीनं काढलेली निळ्या रेषांची प्रत. घड्यांवर चिरलेला, कडेच्या निळ्या रेषा पार फिकट, कारण अमोनिया प्रिंटला उजेड सोसत नाही. कोपऱ्यात मंजुरीचा जांभळा शिक्का. त्याखाली पेन्सिलीनं कुणीतरी केलेली बेरीज.

इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. सभासदांना सध्या एकच गोष्ट हवी आहे. नकाशात आपला फ्लॅट केवढा दाखवलाय? त्याचं उत्तर या एका कागदावर, आणि कागद जिन्याखाली. काही सभासद पुण्याला, एक अमेरिकेत. म्हणजे नकाशा फोनवर जायला हवा.

(दृश्य : टेबलावर पसरलेला नकाशा, चार कोपऱ्यांवर चार कपबशा.)

पहिला प्रयत्न काकांनी स्वतः केला. ट्यूब लावली, खुर्चीवर चढले, फोटो काढला. फोटोत मधोमध ट्यूबचा पांढरा पट्टा आणि खाली काकांचीच सावली. मग नातू आला. “आजोबा, अ‍ॅप आहे ना, सगळं साफ करून देतं.” दिलंही. कागद दुधासारखा पांढरा झाला. शिक्का मात्र गेला. पेन्सिलीतली बेरीजही गेली. अ‍ॅपच्या लेखी ते डाग होते.

काका त्या फोटोकडे बराच वेळ बघत होते. “शिक्काच नसेल तर तो नकाशा कसला? रांगोळी झाली ती.”

(दृश्य : गोखले रोडच्या आतल्या गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान.)

मोठे नकाशे ओढून घेणारा रुंद स्कॅनर या दुकानात आहे. रोलरमध्ये जुनी घडी फाटायची भीती, म्हणून दुकानदार नकाशा आधी पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात सरकवतो. नंतर सवयीनं बटण दाबतो : ब्लॅक अँड व्हाइट, दोनशे डीपीआय, म्हणजे इंचाला दोनशे ठिपके.

इथे थांबवायचं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा, अधलंमधलं काही नाही. फिकट निळी रेष त्या फाळणीत पांढऱ्या बाजूला पडते आणि भिंत नाहीशी होते. म्हणून कलर, आणि ३०० डीपीआय. फाइल जड होईल, होऊ द्या.

पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी टाइप केलेली जुनी पत्रंही याच गठ्ठ्यात होती. स्कॅन केली की मागची अक्षरं पुढे उमटतात. दुकानदारानं पत्राच्या पाठीशी काळा कार्डपेपर ठेवला. मागचं भूत गायब. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, लग्नपत्रिकांचे नमुने स्कॅन करताना सापडलं म्हणाला.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. पीडीएफ उघडली आहे.)

आता पुढची चूक, आणि ही आपण सगळेच करतो. पीडीएफ उघडायची, स्क्रीनशॉट घ्यायचा, पाठवून द्यायचा.

स्कॅनची पीडीएफ म्हणजे खरं तर पाकीट, चित्र आत असतं. ए-वन आकाराचा नकाशा ३०० डीपीआयला स्कॅन केला की त्यात सुमारे सात कोटी ठिपके येतात. फुल एचडी पडद्यावर जेमतेम एकवीस लाख. स्क्रीनशॉट घेणारा तेहतीस भागांतला एक ठेवतो आणि बाकीचे बत्तीस टाकतो. मग दुसरा मजला मोठा करून बघायला गेलं की आकड्यांच्या जागी मुंग्या. म्हणून पीडीएफमधून चित्र पूर्ण आकारात बाहेर काढायचं, आणि कातरायचं ते त्यानंतर.

रेषांचं चित्र पीएनजी प्रकारच्या फाइलमध्ये ठेवावं. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून जागा वाचवतं. माणसाच्या फोटोत ते खपून जातं, बारीक रेषेभोवती मात्र राखेसारखी करडी धूळ दिसते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. इतकं केलं तरी पुरे.

(दृश्य : नकाशातला एक आकडा, अगदी जवळून.)

आता एक गोष्ट, ठाण्यापासून लांबची. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं एका घराचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केला. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं होती १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३. चित्र स्वच्छ, एकही अक्षर पुसट नाही.

झालं असं होतं, की जागा वाचवण्यासाठी यंत्र पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधायचं, एकच जपायचं आणि बाकीच्या जागी तोच चिकटवायचं. दोन वेगळे आकडे त्याला सारखे वाटले. आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे मूळ कागदाचा जुळा भाऊ. ‘ट्रू कॉपी’चा शिक्काही आपण त्यावरच मारतो. कंपनीला त्यानंतर यंत्रांसाठी दुरुस्तीचं सॉफ्टवेअर काढावं लागलं.

२१.११ चे १४.१३ झाले म्हणजे किती गेले? जवळपास ७५ चौरस फूट. नौपाड्यात ७५ फुटांवरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात.

म्हणून काका प्रत्येक तुकडा पाठवण्याआधी कागदाशी ताडून बघतात. डावीकडे लॅपटॉप, उजवीकडे नकाशा, हातात भिंग. एक एक खोली.

(दृश्य : सभासदांची यादी.)

यादीचं पान वेगळं. त्यावर पॅन नंबर, फोन, सह्या. नातवानं फोनवरच काळ्या मार्करनं ते झाकलं होतं. मार्कर अर्धपारदर्शक निघाला, ब्राइटनेस वाढवला की आकडे हजर. पीडीएफमध्ये ओढलेली काळी पट्टीसुद्धा नुसती वर ठेवलेली असते, उचलली की खालचं जसंच्या तसं. काकांनी सरळ पानाची प्रत काढली, त्यावर पांढरा कागद चिकटवला आणि तेच पुन्हा स्कॅन केलं. नातू हसला, पण त्याला तोड सुचली नाही.

ठाण्याला कागद जपायची जुनी खोड आहे. इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. काकांची ट्रंक त्या मानानं कालची.

(दृश्य : रात्र. टेबलावर फोन.)

रात्री नऊला दुसऱ्या मजल्याचा तुकडा ग्रुपवर गेला. शिक्का दिसतोय, पेन्सिलीतली बेरीजही दिसतेय. पाच मिनिटं शांतता. मग अमेरिकेतल्या सभासदाचा मेसेज : “काका, किचनच्या इथे तीन आहे की आठ?”

काका चित्र मोठं करतात. आणखी मोठं. मग चष्मा लावतात, उठतात आणि खिळ्यावरची किल्ली काढतात.