पाताळेश्वर: अर्धवट राहिलं, म्हणून वाचता येतं

नमस्कार मंडळी! मी पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर उभी आहे. रिक्षा, बस, हॉर्न, सगळं ऐकू येतंय ना? आता चला माझ्याबरोबर. जंगली महाराजांच्या मंदिराला लागूनच हे आवार आहे. आत आलो, आणि या पायऱ्या उतरल्या...

(दोन सेकंद काही न बोलता. नंदीमंडप दाखवायचा.)

ऐकलंत? आवाज एकदम मागे पडला, कारण आपण जमिनीच्या खाली आलोय. हे पाताळेश्वर.

रस्त्यावरून पायऱ्या उतरून येणाऱ्याला वाटतं, एखादं जुनं देऊळ कालांतराने जमिनीत खचलं असावं. तसं काहीच झालेलं नाही. इथे मुळात सलग कातळ होता. पाथरवटांनी तो वरून खाली कोरत नेला आणि हे अंगण तयार केलं. मग समोरच्या उभ्या कातळात आडवे शिरून मंदिर खोदलं. इथे बांधलं काहीच नाही, फक्त नको तेवढा दगड काढून टाकला.

हा नंदीमंडप बघा. गोल छत, खाली साधे चौकोनी खांब. लेण्यांमध्ये असा गोल मंडप फारच क्वचित दिसतो, आणि मला विचाराल तर पुण्यातलं सगळ्यात देखणं छत हेच. आता जरा डोक्यात चित्र उभं करा. आजूबाजूचा दगड फोडून काढताना मधला हा एवढा भाग राखून ठेवायचा होता. छत, खांब, खालची जमीन, सगळं एकाच कातळातलं. बांधकामात खांब चुकला तर दुसरा आणता येतो. इथे एक घाव जास्त पडला की पडला, तुटलेला दगड परत चिकटत नाही!

हे कोणी केलं? पांडवांनी एका रात्रीत कोरलं, अशी गोष्ट इथल्या आजीआजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे. अभ्यासक घडणीवरून हे लेणं ८व्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं मानतात. वेरूळचं कैलास ज्याच्या नावाशी जोडलं जातं, तो राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला त्याच शतकातला. त्याच्या ताम्रपटात 'पुणक विषय' असा उल्लेख आहे. विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा. म्हणजे शनिवारवाड्याच्या जवळजवळ हजार वर्षं आधी इथे वस्ती होती, आणि लेणं खोदवून घेण्याइतकी ऐपतही होती. या भागाचं शिवाजीनगर हे नाव तर कालपरवाचं. हा भाग भांबुर्डे गावाचा, त्यामुळे जुन्या नोंदींत हीच 'भांबुर्ड्याची लेणी' म्हणून सापडतात.

चला, आत. चपला बाहेर.

(मंडपातून चालत, आवाज हळू.)

आत खांबांच्या ओळी आहेत, जाड आणि चौकोनी. मागे गाभारा, त्यात शिवलिंग, शेजारी पार्वती आणि गणपती. लेण्याला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, पण पूजाही चालू आहे. महाशिवरात्रीला रांग लागते, त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लागतात.

वेरूळ बघून आलेले लोक इथे थोडे हिरमुसतात. 'नक्षी कुठंय?' असं विचारतात. नक्षी नाही, कारण काम पुरं झालंच नाही. खांब साधेच राहिले, भिंतीवरची शिल्पं जेमतेम सुरू होऊन थांबली. का थांबली? गाभाऱ्याच्या मागे कातळात भेग लागली असावी, असा एक तर्क आहे.

माझा जीव मात्र याच अर्धवटपणावर जडलाय. पूर्ण झालेल्या लेण्यात शेवटचा हात आधीच्या सगळ्या हातांच्या खुणा पुसून टाकतो. इथे त्या राहिल्या. कोरीव लेण्याचं काम छताकडून जमिनीकडे येतं, म्हणजे उंचावर काम करायला परांची बांधायला नको, पायाखालचा कातळच परांची. आधी मोठे ढलपे काढायचे, मग टाकीने, म्हणजे छिन्नीने, पृष्ठभाग सपाट करायचा, बारीक नक्षी सगळ्यात शेवटी. ती शेवटची पायरीच इथे आली नाही, म्हणून मधल्या पायऱ्या डोळ्यांना दिसतात.

आता एक युक्ती सांगते. गाभाऱ्याकडे नको, तिथे लोक दर्शन घेत असतात. कडेच्या भिंतीपाशी या. मोबाईलचा टॉर्च भिंतीवर समोरून मारला की भिंत सपाट दिसते. तोच भिंतीला जवळजवळ टेकवून, कडेने मारा.

(टॉर्च कडेने. कॅमेरा भिंतीजवळ.)

दिसले? हे तिरके चरे, एकामागून एक. हे टाकीचे घाव. ही ओळ या बाजूने आली आहे, आणि इथे दिशा बदलली. कदाचित माणूस बदलला असेल, कदाचित त्याच माणसाने हात बदलला असेल.

हात लावू नका, नाव तर अजिबात कोरू नका. शक्यतो सकाळी लवकर या, तेव्हा इथे शांतता असते. आणि परत वर जाताना शेवटच्या पायरीवर थांबून मागे वळा. मंडपाचं छत आणि आजूबाजूच्या कातळाची कड एका नजरेत घ्या. मूळचा दगड किती वरपर्यंत होता, ते तिथून बरोबर कळतं.