दारू सुटली, आणि पाय लुळे पडले

श्रोतेहो, नमस्कार. काही वर्षांपूर्वी, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघण्याच्या दिवसांत, धारूरकडच्या एका मुकादमाला बाजेसकट पिकअपमधून आमच्या रुग्णालयात आणले होते. त्याची बायको सांगत होती, "सायेब, चार दिस झाले, यांनी थेंबाला शिवलं नाही, आन् आता पायच उचलंना." वारे गेले असे समजून सगळे घाबरले होते. दारू सोडल्यापासून त्याला उलट्या होत होत्या, पोटात अन्न नव्हते आणि अशक्तपणा म्हणून गावात ग्लुकोजच्या दोन बाटल्या लावल्यानंतर त्याचे हातही ढिले पडले होते.

रक्तातील पोटॅशियम, म्हणजे ज्याच्या कमतरतेने स्नायू लुळे पडतात तो क्षार, निघाले २.१. ते लिटरमागे ३.५ ते ५ मिलीमोल असावे लागते. पुन्हा सांगतो, ३.५ ते ५. हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून आम्ही शिरेतून अगदी सावकाश पोटॅशियम दिले, कारण ते घाईने दिले तर हृदय थांबू शकते. तरीही दुसऱ्या सकाळी आकडा २.३ वरच होता. मग मॅग्नेशियम तपासले, तेही फार कमी होते. ते भरून काढल्यावरच पोटॅशियम टिकू लागले आणि तिसऱ्या संध्याकाळी त्या माणसाने उशाचा पाण्याचा तांब्या स्वतःच्या हाताने उचलला. त्याची बायको तोंडाला पदर लावून त्या हाताकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.

दारूमुळे शरीरातील मॅग्नेशियम घटते आणि ते घटले की मूत्रपिंड पोटॅशियम लघवीवाटे सोडून देते. उलट्या आणि उपास त्यात भर घालतात, तर ग्लुकोजमुळे रक्तात उरलेले पोटॅशियमही पेशींमध्ये ओढले जाते. थकवा आला की बाटली लावून घेण्याची आपल्याकडील हौस मला मनापासून खटकते. ज्याला गिळता येते, त्याच्यासाठी वरण-भाकरी त्याहून पुष्कळ बरी.

मात्र नशेत रात्रभर एकाच कुशीवर निपचित पडलेल्या माणसाचे स्नायू दबून फुटतात, त्यांतील पोटॅशियम रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे थकली तर ते धोक्याच्या पातळीपर्यंत चढते. अशा वेळी घरच्या घरी शहाळे पाजणे घातक ठरेल, कारण त्यातही पोटॅशियम भरपूर असते. म्हणून आधी रक्त तपासा, आणि रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकाएकी तोडू नका. त्याला रुग्णालयात न्या आणि पोटॅशियमबरोबर मॅग्नेशियमही तपासायला सांगा.