कुंद्याचा डबा आणि दोन फायली

(दृश्य : खानापूर तालुक्यातलं कौलारू घर. पावसाळी सकाळ. फळीवर कुंद्याचा रिकामा डबा. एक हात तो खाली काढतो, झाकण उघडतो.)

बेळगावहून पाहुण्यांकडे जायचं तर हातात कुंदा हवाच. कुंदा दोन दिवसांत संपतो, डबा मात्र वर्षानुवर्षं घरात राहतो. कुणी त्यात सुया-दोरे ठेवतं, कुणी रेशनकार्ड. आमच्या आईच्या डब्यात तिच्या हृदयाच्या गोळ्या असायच्या.

तीन वर्षांपूर्वी हा डबा मी पहिल्यांदा नीट उघडून बघितला. कात्रीनं कापलेली एक पट्टी होती. चार गोळ्या शिल्लक, पण नाव आणि मुदत छापलेलं टोक दुकानातच राहिलेलं. वर्तमानपत्राच्या पुडीत दोन अर्ध्या गोळ्या. एकाच औषधाच्या दोन पट्ट्या, दोन कंपन्यांच्या, दोन वेगळ्या नावांच्या. आणि तळाशी गुडघ्यावरची वेदनाशामक गोळी. ती कुठल्याच डॉक्टरांनी लिहून दिलेली नव्हती.

आई त्या वेळी दवाखान्यात होती. तिला रक्त चढवत होते.

(दृश्य : भाताची खाचरं. वाकून रोप लावणाऱ्या बाया. दूर पश्चिम घाटावर ढग.)

सुरुवात झाली ती रोप लावताना. चिखलात वाकलेली आई एकदम उभी राहिली आणि म्हणाली, "छातीत काय तर फडफडूलंय गं." मी तिचं मनगट धरलं. तीन ठोके लगोलग पडले, मग काहीच नाही, मग एक दणकट, मग दोन अगदी हलके. भजनात पखवाजाचा हात चुकला तर टाळकरी दोन मात्रांत सावरून घेतात. इथं ठेकाच हरवला होता.

बेळगावला नेलं. ईसीजी निघाला, इको झाला. लहानपणी आईचा घसा धरायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. त्या संधिवाताच्या तापानं तिच्या हृदयाची डावीकडची झडप हळूहळू अरुंद करून ठेवली होती. अरुंद झडपेमागे रक्त तुंबतं, वरचा कप्पा ताणत जातो आणि एक दिवस तो नेमानं आकुंचन पावायचंच सोडून देतो. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसता थरथरत राहतो. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.

धडधड त्रासदायक असते, पण खरी भीती वेगळीच.

(दृश्य : मलप्रभेचं वळण. मधून धावतं पाणी, काठाला थांबलेलं पाणी.)

मलप्रभा आमच्याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. लहानपणापासून बघितलंय, नदी धावते तिथं तळ स्वच्छ असतो, वळणाच्या कोपऱ्यात पाणी थांबलं की गाळ बसतो. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यालाही कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. कप्पा नुसताच थरथरायला लागला की त्या पिशवीत रक्त थांबतं आणि गुठळी धरतं. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. या आजारात लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. झडप अरुंद असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून आईला तीन गोळ्या लागल्या. ठोक्यांचा वेग आवरायला मेटोप्रोलोल. हृदयाच्या कामाला जोर द्यायला आणि वेग कमी ठेवायला डिजॉक्सिन. आणि संध्याकाळी असेनोकूमरॉल, म्हणजे आपण जिला "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतो ती. खरं तर तिनं रक्त पातळ होत नाही, ते गोठायला उशीर लागतो. पण शब्द रुळलाय, राहू दे.

याच जातीच्या वॉरफरिन या औषधाची गोष्ट शेतकऱ्यांना सांगण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरायला लागली. शिंगं कापली तरी रक्त थांबेना. कारण निघालं बुरशी लागलेलं, ओलसर राहिलेलं गवत. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन बर्फाच्या वादळातून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथून सुरू झालेल्या संशोधनातून वॉरफरिन निघालं. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झालं. विष आणि औषध यांच्यात फरक फक्त मात्रेचा. म्हणूनच ही गोळी घेणाऱ्याला दर काही आठवड्यांनी रक्त तपासावं लागतं. दुकानात, दवाखान्यात सगळे तिला पीटी टेस्ट म्हणतात. अहवालात आयएनआर नावाचा आकडा असतो, रक्त गोठायला किती उशीर लागतोय ते सांगणारा. आईसाठी तो २ ते ३ मध्ये हवा. २ च्या खाली गेला तर गुठळीची भीती, ४ च्या वर चढायला लागला की रक्तस्रावाची.

(दृश्य : कोल्हापूरकडे जाणारा महामार्ग. निपाणी मागे पडते. कोगनोळी नाका, दूधगंगेचा पूल. दुकानांवरच्या पाट्या कानडीतून मराठीत बदलतात.)

आता या पुलाविषयी.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि आमची गावं इकडे, आजच्या कर्नाटकात राहिली. त्यावरचा लढा इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे, मी तो इथं सांगत बसणार नाही. मला रोजच्या जगण्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. आमची आजारपणं या पुलावरून ये-जा करतात. चिकोडी-अथणीची माणसं मिरजेला जातात, निपाणीची कोल्हापूरला, खानापूरची बेळगावला आणि कधी घाट उतरून गोव्याला. जिथं नातेवाईक आहेत, जिथं भाषा कळते, जिथं खर्च परवडतो, तिथं माणूस जातो. त्यात चूक काहीच नाही.

आईची झडप कोल्हापुरात फुगा घालून रुंद केली. मामा तिथं राहतो म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी ठोका ताळ्यावर यावा म्हणून अमिओडॅरोन सुरू केलं आणि लिहून दिलं : आठवड्यानं पीटी टेस्ट करून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. तो कागद कोल्हापूरच्या फायलीत गेला. कोल्हापूरची फाईल मामाच्या कपाटात राहिली. बेळगावच्या फायलीत असेनोकूमरॉल आणि डिजॉक्सिन, दोन्ही जुन्याच मात्रेत.

अमिओडॅरोन औषध चांगलं आहे, पण एकटं राहणारं नाही. ते असेनोकूमरॉल-वॉरफरिनचा जोर वाढवतं, आणि तोही लगेच नाही, आठवड्यांच्या हिशेबानं. डिजॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण ते दुपटीपर्यंत नेऊ शकतं, म्हणून डिजॉक्सिन बहुतेक वेळा निम्म्यावर आणतात. शिवाय २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, त्यामुळे थायरॉइड अधूनमधून तपासावा लागतो. फुप्फुसं आणि यकृतावरही लक्ष ठेवावं लागतं.

यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. तीन आठवड्यांत आईची भूक गेली. चहासुद्धा नको म्हणायची. मळमळायचं. आम्हाला वाटलं, पावसाळा आहे, पोट बिघडलं असेल. खरं तर भूक मरणं, मळमळ, नजरेला पिवळट दिसणं या डिजॉक्सिन जास्त झाल्याच्या खुणा आहेत. त्यात तिचे गुडघे दुखायला लागले. शेजारच्या मुलाला औषध दुकानात पाठवलं, त्यानं "गुडघ्याची गोळी द्या" म्हटलं, आणि दुकानदारानं डायक्लोफेनॅकची पट्टी दिली. आणखी काय चालू आहे, असं त्यानं विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी आईला डांबरासारखं काळं परसाकडे झालं, म्हणजे पोटात रक्तस्राव होत होता. न्हाणीघरात भोवळ येऊन पडली. दवाखान्यात आयएनआर निघाला ६.८.

ती वाचली. पण त्या रात्री खाटेशेजारी बसून मी दोन्ही फायली मांडीवर घेतल्या, तेव्हा एक गोष्ट दिसली आणि अजून डोळ्यांपुढून जात नाही. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या जागी बरोबरच लिहिलं होतं. चूक त्या दोन फायलींच्या मधल्या जागेत होती. ती जागा बघणारं घरात कुणी नव्हतं. ते काम आमचं होतं.

(दृश्य : शाळेची शंभर पानी वही. पहिल्या पानावर ठळक अक्षरं.)

ही वही तेव्हापासूनची. पहिल्या पानावर प्रत्येक औषधाचं मूळ नाव लिहिलंय, कंपनीचं नाव नव्हे. पट्टीवर बारीक अक्षरांत असतं ते नाव. कंपनी बदलली की वरचं नाव बदलतं, आतलं औषध तेच राहतं. आई हेच न कळून काही दिवस मेटोप्रोलोल दोनदा घेत होती. नावापुढे किती मिलिग्रॅम, कधी, आणि कोणत्या डॉक्टरांनी कोणत्या तारखेला सुरू केलं. पुढच्या पानांवर तारीख आणि आयएनआरचा आकडा. वही कोल्हापूरला जाते, बेळगावला जाते, दाताच्या डॉक्टरांकडे जाते, गावातल्या डॉक्टरांनी कंबरेत सुई द्यायच्या आधी टेबलावर येते. रक्त गोठायला उशीर लागतो अशा माणसाला स्नायूत सुई दिली तर आत रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते, म्हणून तिथं बोलायलाच हवं.

आता पट्टी कापून घेत नाही. कापावीच लागली तर नाव आणि मुदत असलेलं टोक आमच्याकडे.

आणि एक कानडी वाक्य. बेळगावात औषध दुकानात, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, १०८ च्या गाडीत समोरचं माणूस कानडी बोलणारं असू शकतं. घाईच्या वेळी भाषेवर अडायचं नसतं. आईनं ते पाठ केलंय : "नंग रक्त तेळ्ळगागो गुळिगी चालू अदाव." मला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर घड्याळ बघून १०८ ला फोन करायचा आणि हेच वाक्य पहिल्यांदा सांगायचं. लकव्याच्या उपचारात वेळ साडेचार तासांच्या हिशेबात मोजतात, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर उपचार वेगळा ठरतो.

(दृश्य : बाजार. मेथीच्या जुड्या, शेपू, अळू. आई भाव करतेय.)

भाजीविषयी लोकांनी आईला फार घाबरवलं होतं. मेथी बंद, पालक बंद, कोथिंबीरसुद्धा नको. पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं, हे खरं. पण भाजी सोडायची नसते, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. आठवड्यातून तीनदा खात असाल तर तीनदाच खा. श्रावणात उपास आणि थंडीत स्वस्त मेथी रोज, असं झालं की आकडा वरखाली होतो. प्रतिजैविकाचा कोर्स सुरू झाला, जुलाब लागले, जेवण तुटलं, तर टेस्ट नेहमीच्या तारखेची वाट न बघता लवकर करायची. कुणी दिलेला काढा किंवा कॅप्सूलही वहीत लिहायची. झाडपाल्याचं आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, असं मानायला मी आता तयार नाही. डिजॉक्सिन स्वतःच एका झाडाच्या पानातून आलं आहे. इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी १७८५ मध्ये त्याच जातकुळीतल्या झाडाच्या पानांवर पुस्तक लिहिलं, तेव्हाच त्यांनी जास्त मात्रेचे धोकेही नोंदले होते.

टिळकवाडीतल्या आमच्या ओळखीच्या एक काकू अपिक्सॅबान घेतात, तीही रक्त पातळ करायचीच, पण नवी गोळी, टेस्टची कटकट नाही. आई म्हणाली, मलाही तीच द्यायला सांग. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. संधिवाताच्या तापानं झडप बिघडलेली असेल तर जुनीच गोळी बरी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा साडेचार हजारांहून अधिक रुग्णांना दोन गटांत औषधं दिली. नव्या रिवरॉक्सॅबानपेक्षा जुन्या औषधावर मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्रावही वाढला नाही. काकूंची झडप चांगली आहे, त्यांच्यासाठी त्यांची गोळी योग्य. आजाराचं नाव एक असलं तरी गोळी ज्याची त्याची.

गोळी विसरली तर? आईची रक्ताची गोळी त्याच रात्री आठवली तर घ्यायची. सकाळ उजाडली तर ती गेली, वहीत फुली मारायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्यांचा हिशेब वेगळा, तो आपापल्या डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावा. आणि बरं वाटतंय म्हणून मेटोप्रोलोल एकदम तोडू नये, ठोका उसळून येतो.

(दृश्य : संध्याकाळ. देवापुढे दिवा. आई चष्मा लावून कुंद्याचा डबा उघडते. आत आता सात खण केलेत, प्रत्येकावर वार लिहिलेला.)

"आज किती आला गं आकडा?" आई विचारते.

"दोन पॉइंट चार."

ती स्वतः लिहिते. अक्षर मोठं, जरा तिरकं. मग असेनोकूमरॉलची गोळी तळहातावर घेऊन उजेडात धरते, पट्टीवरचं नाव वहीतल्या नावाशी एकेक अक्षर लावून बघते, पाणी पिते.

डिजॉक्सिनच्या पट्टीकडे तिचा हात जातो आणि थांबतो. तिला ती आठवड्यातून पाचच दिवस लिहून दिली आहे. सगळ्यांना अशी सुट्टी नसते, तिला आहे.

"आज शनिवार," ती म्हणते, आणि झाकण लावते.