आठ जण बरे झाले, पण कशामुळे?

नमस्कार. आज पुरुषांबरोबर बायकाही आल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. लिंगाला ताठरता न येण्याचा त्रास एकट्या पुरुषाचा नसतो, तो दोघांना सोसावा लागतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे १९९४ मध्ये आले. त्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्क्यांना कमीअधिक प्रमाणात हा त्रास होता. तरीही पेशंट आधी शुगरबद्दल बोलतो, पाठदुखीबद्दल बोलतो, आणि उठून दाराशी गेल्यावर म्हणतो, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं." हल्ली त्या विचारण्यात स्टेम सेलचं इंजेक्शन असतं. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात, अशा मूळ पेशी. किंमत त्यांना ठाऊक असते, जाहिरातही मोबाइलवर आलेली असते. त्यांना हवं असतं ते फक्त माझं "हो".

मी "हो" म्हणत नाही. का म्हणत नाही, ते आज सविस्तर सांगतो.

इच्छा झाली की मज्जातंतूंतून संदेश लिंगापर्यंत येतो, तिथे नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो, आतला स्नायू सैल पडतो आणि रक्त भरतं. भरलेल्या रक्ताच्या दाबाने शिरा दबतात, म्हणून ते लगेच ओसरत नाही. १९९८ मध्ये आलेली सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्राची, गोळी या संदेशाचा परिणाम टिकवून धरते. पण संदेशच निघत नसेल, तर गोळी टिकवणार काय? प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांची अडचण बऱ्याचदा हीच असते, कारण ताठरतेचे मज्जातंतू प्रोस्टेटला अगदी खेटून जातात. जुन्या मधुमेहात तर मज्जातंतू, रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि स्नायू तिन्ही झिजतात. स्टेम सेलचं संशोधन चालू आहे ते अशा लोकांसाठी, आणि त्याची गरज खरी आहे. हे संशोधन करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने २००४ मध्ये, ताठरतेचा मज्जातंतू दुखावलेल्या उंदरांना स्टेम सेल दिल्या आणि त्यांची ताठरता सुधारली. पुढच्या प्रयोगांत एक वेगळीच गोष्ट दिसली. टोचलेल्या पेशींपैकी फारच थोड्या लिंगात टिकल्या. काही तर तिथून निघून ओटीपोटात मज्जातंतू जिथे एकत्र येतात, त्या जागेपर्यंत गेल्या. म्हणजे या पेशी नवा स्नायू किंवा नवा मज्जातंतू बनून बसत नाहीत. त्या जी द्रव्यं सोडतात, त्यांनी दुखावलेल्या भागाला सावरायला मदत होत असावी, असं आता बहुतेक संशोधक मानतात. जाहिरातीत मात्र "पेशी नव्याने उगवतात" असं छापलेलं असतं.

आता माणसांकडे येऊ. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहराच्या विद्यापीठ रुग्णालयातला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोस्टेट काढलेले १७ पुरुष, नेहमीच्या उपचारांनी गुण न आलेले. त्यांच्याच शरीरातली चरबी काढून, पेशी वेगळ्या करून, लिंगात एकच इंजेक्शन दिलं. सहा महिन्यांत १७ पैकी ८ जणांना शरीरसंबंधांपुरती ताठरता आली. जगभर बातम्या झाल्या.

या आठांकडे जरा जवळून बघा. १७ पैकी ११ जणांचा लघवीवर ताबा होता, ६ जणांचा नव्हता. आठही जण त्या ११ मधले. उरलेल्या सहांत एकही नाही. लघवी रोखता येते, तेव्हा ऑपरेशनमध्ये त्या भागाची इजा कमी झालेली असण्याची शक्यता जास्त. आणि अशा पुरुषांचे मज्जातंतू ऑपरेशननंतर दीड-दोन वर्षांपर्यंत आपले आपणही सावरत असतात. मग हे आठ जण पेशींमुळे बरे झाले, की काळामुळे? तुलनेसाठी पेशींऐवजी नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, टोचलेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे या अभ्यासातून ते कळूच शकत नाही. संशोधकांचा मुख्य प्रश्न तेव्हा वेगळा होता: हे इंजेक्शन सुरक्षित आहे का? गंभीर अपाय झाला नाही, एवढं त्यांनी दाखवलं.

कोरियात २०१० मध्ये सात मधुमेही पुरुषांना बाळाच्या नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेल दिल्या होत्या. बहुतेकांना सकाळची ताठरता पुन्हा जाणवू लागली, पण गोळीची जोड देऊनही संबंध जमला तो दोघांनाच. त्यांची साखरही त्या काळात उतरली होती. मग श्रेय कोणाचं, पेशींचं की उतरलेल्या साखरेचं?

आपल्याकडे आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची स्टेम सेलबद्दलची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांतलं बोन मॅरो प्रत्यारोपण मान्य. बाकी सगळं फक्त संशोधनाच्या मंजूर चाचणीत, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. एखादं क्लिनिक म्हणेल, आमच्या चाचणीची नोंदणी आहे. नोंदणी हा पुरावा नव्हे. फ्लोरिडात तीन बायकांनी डोळ्यांसाठी अशाच चरबीतल्या पेशी टोचून घेतल्या आणि तिघींची दृष्टी गेली. ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रत्येकीने पाच हजार डॉलर भरले होते आणि तो उपचार चाचण्यांच्या सरकारी वेबसाइटवर नोंदवलेला होता. म्हणून मी पेशंटला आधी विचारतो, पैसे मागितले का? मागितले असतील, तर तिथून उठून या.

आणि तो पैसा हातात असेल तर आधी शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि हृदयाची तपासणी करून घ्या. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबी साचू लागली की बारीक धमनी आधी कुरकुरते. ताठरतेची तक्रार घेऊन आलेल्या पेशंटला म्हणूनच मी छातीत दुखतं का, जिना चढताना दम लागतो का, हे विचारतो. गोळीचा उपयोग न होणाऱ्यांसाठी लिंगात घ्यायचं औषधाचं इंजेक्शन आहे, व्हॅक्यूम पंप आहे, आणि शेवटी इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून लिंगात बसवायचं ताठरता देणारं साधन, आहे. इम्प्लांटचं नाव काढलं की लोक दचकतात, पण तो अनेक वर्षं वापरात असलेला उपचार आहे. त्यासाठी कोणाकडे जायचं, खर्च किती येतो, आधी शुगर किती आटोक्यात हवी, यावर प्रश्न असतील तर आता विचारा.