पाकीट अंगणवाडीतून निघालं, बाळाच्या पोटात किती गेलं?

श्रोतेहो, नमस्कार.

रेशनचा तांदूळ सुपात घेतला की हल्ली काही दाणे वेगळे दिसतात. जरा जास्त पांढरे, धुरकट, सगळे एका मापाचे. आपल्या आयाबायांचं बोट नेमकं त्यांच्यावर जातं. दाणा वेचला जातो आणि केरात पडतो. हा प्लास्टिकचा तांदूळ आहे, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मेळघाटातल्या पाड्यांवर हे ऐकू येतं, आणि शहरातल्या वस्त्यांतही.

तो दाणा तांदळाचाच आहे. तांदळाचं पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळतात, पीठ भिजवून यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि वाळवतात. असा साधारण एक किलो दाणा शंभर किलो साध्या तांदळात मिसळला जातो. पाण्यात टाकल्यावर कधी तो तरंगतो, कारण पिठाचा असल्यानं हलका असतो. शिजवला की भातासारखाच मऊ होतो. प्लास्टिक शिजत नाही. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की 2024 पर्यंत सरकारी योजनांतला सगळा तांदूळ असा पोषणयुक्त करायचा. त्यानंतर तो रेशनवर, शाळेत, अंगणवाडीत येत गेला. मला वाईट याचं वाटतं की तांदूळ गावात आधी पोचला आणि माहिती मागून आली. काही गावांत तर ती अजून आलेलीच नाही. मग बाईनं दाणा वेचून टाकला तर तिला दोष कसा द्यायचा? तिनं आपल्या घराची काळजीच घेतली.

मिठाचं तसं झालं नाही. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचे रोगी घराघरात होते. 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं आयोडीन घातलेलं मीठ देऊन पाहिलं आणि गलगंड कमी होत गेला. आज आपल्या सगळ्यांच्या आमटीत ते मीठ आहे. मीठ घरातल्या प्रत्येकाच्या पोटात आपोआप जातं. अंगणवाडीतून लहान बाळासाठी आलेला आहार मात्र आपोआप बाळाच्या पोटात जात नाही. मधे घर असतं, चूल असते, भावंडं असतात. माझं आजचं सगळं बोलणं या मधल्या वाटेबद्दल आहे.

आधी बाळाचं पाहू. जन्मतः जेवढं वजन असतं, त्याच्या तिप्पट ते वर्षभरात व्हावं लागतं. आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमाराला संपत येतो. त्यानंतर आईचं दूध हवंच, पण नुसतं पुरत नाही. पोट मात्र एवढंसं. त्यात आपण पातळ पेज ओतली, डाळीचं वरचं पाणी ओतलं, चहात बिस्कीट बुडवून दिलं, की पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. वर चहा लोह शोषू देत नाही. 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. आधीच्या पाहणीत हा आकडा 53.8 होता, म्हणजे तो खाली येण्याऐवजी वर गेला. आपण देशातलं पुढारलेलं राज्य म्हणवतो आणि आपल्या दहांतल्या सात लहान मुलांचं रक्त कमी आहे. ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी नेण्यासाठी आहार द्यायचा, असं अन्न सुरक्षा कायदा सांगतो. 2013 साली कायदा झाला तेव्हा माप ठरलं: एका मुलाला रोज 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं. कुपोषित मुलाला 800 उष्मांक. आपल्याकडे हा आहार रूप बदलत आला. शिरा, उपमा, सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ, यांची पाकिटं आली. करोनाच्या काळात गहू, तांदूळ, डाळ, हरभरा असा कोरडा शिधा आला. सुकडीचं नाव घेतलं की जुन्या माणसांना 1972 चा दुष्काळ आठवेल. दुष्काळी कामांवर मिळणाऱ्या सुकडीनं कित्येक घरांची पोरं जगवली. पण पुढं अंगणवाडीच्या पाकिटांना लोक कंटाळले, हेही खरं आहे. चव नाही, वास येतो, मूल थुंकून टाकतं, या तक्रारी मी गावोगावी ऐकल्या आहेत. पाकीट शेळीपुढं ठेवलेलंही पाहिलं आहे. 2017 साली केंद्रानं या आहारासाठी एका मुलामागे रोजचे आठ रुपये ठरवले. आठ रुपयांत एक अंडं आणायला गेलं तर हातात काय उरतं, तुम्हीच सांगा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपासूनच्या मुलांना आठवड्यातले चार दिवस अंडं, आणि अंडं न खाणाऱ्याला केळी मिळतात, ते मला या सगळ्यात फार मोलाचं वाटतं. मूल ते आवडीनं खातं, आणि त्यात काय आहे हे आईला दिसतं.

आता घरातली गोष्ट. पाकीट धाकट्याच्या नावानं येतं. घरात अजून तीन लेकरं असतात, आजी असते. आई पातेल्यात सगळं एकदम शिजवते आणि सगळ्यांना वाढते. यात तिचा गुन्हा काही नाही, थोरल्याला समोर बसवून धाकट्यालाच खाऊ घालणं कुठल्या आईला जमेल? म्हणून माझं सांगणं असं: तीन वर्षांपुढच्या मुलाला रोज अंगणवाडीत पाठवा, त्याला तिथं गरम जेवण आहे. आणि धाकट्याची वाटी वेगळी ठेवा. त्याच्यापुरतं पीठ काढा, ते शिजवा, चमचा उलटा केला तर ओघळणार नाही इतकं घट्ट ठेवा, वरून चमचाभर तेल किंवा तूप घाला. तेलानं वाटी मोठी न होता ताकद वाढते. लिंबाचे चार थेंब पिळले तर लोह जास्त लागू पडतं. आणि हे दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. ताप येऊन गेला असेल तर पुढचे काही दिवस एक वेळ जास्त.

घरीही असं पीठ करता येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं फार पूर्वी एक मिश्रण सांगितलं आहे: भाजलेला गहू 40 ग्रॅम, हरभऱ्याची डाळ 16 ग्रॅम, शेंगदाणे 10 ग्रॅम, गूळ 20 ग्रॅम. यातून 330 उष्मांक आणि 11 ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. गव्हाच्या जागी नागली, म्हणजे नाचणी, घेतली तरी चालेल. मात्र घरच्या पिठात वरून मिसळलेली जीवनसत्त्वं नसतात. म्हणून घरचं आहे तर पाकीट कशाला, असं म्हणू नका. दोन्ही द्या.

थोडं तीव्र कुपोषणाबद्दल बोलायला हवं, कारण तिथं साध्या आहारानं भागत नाही. अंगणवाडीताईकडे दंडाला लावायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टी लाल रंग दाखवते. ताई म्हणते, मूल सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषणात आहे. बाळाच्या दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून पाहा. खळगा पडून तसाच राहिला तर ती सूज आहे. बाळ गुटगुटीत दिसतंय असं समजून घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सूज नाही, ताप नाही, भूक आहे, अशा मुलाला गावातच बरं करता येतं. हे जगाला कळलं त्याला फार वर्षं झाली नाहीत. पूर्वी दूध पावडरीचं पातळ अन्न करावं लागे, त्याला स्वच्छ पाणी हवं, म्हणजे दवाखाना हवा. 1990 च्या दशकात आंद्रे ब्रियां या फ्रेंच डॉक्टरनं शेंगदाण्याचं लोणी, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजं एकत्र करून पेस्ट तयार केली. पाणी लागत नाही, शिजवायचं नाही, पाकीट फोडून मूल चाटतं. 92 ग्रॅमच्या पाकिटात 500 उष्मांक. 2005 साली नायजर देशात मोठी टंचाई पडली तेव्हा हजारो मुलं या पेस्टवर घरच्या घरी सुधारली, आणि 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ यांनी एकत्र येऊन ही पद्धत उचलून धरली.

आपल्या देशात यावर मोठा वाद झाला. केंद्रानं 2017 मध्ये राज्यांना कळवलं की अशा पेस्टचा सरसकट वापर आम्ही मानलेला नाही. बाहेरच्या पाकिटावर मुलं पोसायची का, त्यात कंपन्यांचा शिरकाव होईल, हा आक्षेप मला पटतो. पण लाल पट्टीतल्या मुलाला थांबायला वेळ नसतो. पेस्ट त्याचं औषध आहे, काही आठवडे द्यायचं आणि थांबवायचं. आपल्याकडे ग्राम बाल विकास केंद्रात मुलाला दिवसातून अनेक वेळा खाऊ घालतात, औषधं देतात, वजन पाहतात. तिथला जादा ताकदीचा आहार त्याच्यासाठीच असतो. तो घरी वाटून खायचा नाही, हे घरातल्या कर्त्या माणसांनी, सासू-सासऱ्यांनी सांभाळलं पाहिजे. एकट्या सुनेवर टाकू नये.

एक इशारा देतो. जीवनसत्त्व चांगलं म्हणजे जास्त दिलं तर आणखी चांगलं, असं नसतं. टांझानियात पेंबा नावाचं बेट आहे, तिथं हिवताप फार. तिथल्या लहान मुलांना सरसकट लोहाचं औषध दिलं, तर दवाखान्यात जाणाऱ्यांची आणि दगावणाऱ्यांची संख्या वाढलेली आढळली. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. आपल्या विदर्भात, खानदेशात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर लोहाच्या औषधाबद्दल आणि लोहयुक्त तांदळाबद्दलही आधी डॉक्टरांशी बोला. मनानं बाटली आणू नका.

दिवाळीनंतर आपली माणसं वीटभट्टीवर, हरभऱ्याच्या कापणीला बाहेर जातात. चार-चार महिने बाळ अंगणवाडीच्या यादीतून गायब होतं, आणि परत येतं तेव्हा वजन उतरलेलं असतं. जिथं जाल तिथल्या अंगणवाडीत जाऊन बाळाचं नाव सांगा. गावाकडची नोंद दाखवा, नसली तरी जा. तिथंही त्याचा आहाराचा हक्क आहे.

पाकीट घेताना तारीख बघा, फोडून वास घ्या. खराब असेल तर टाकून न देता ताईकडे परत न्या आणि वहीत लिहायला लावा. ती बिचारी बनवत नाही, वाटते, तिच्यावर राग काढू नका. महिन्याला बाळाचं वजन होतं तेव्हा तक्त्यावरची रेघ कुठं चालली आहे ते तिला विचारा. रेघ सपाट झाली तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. आणि दोन-दोन महिने आहार आलाच नाही, असं होत असेल तर ग्रामसभेत उठून विचारा. ठरलेला आहार मिळाला नाही तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद कायद्याच्या आठव्या कलमात आहे. अर्ज लेखी करा, पोच घ्या, बचत गटातल्या बायांना बरोबर न्या.

नमस्कार.